भीमराजकाकांचा एकच उघडा पोर्ट

आमच्या नाहूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भीमराज हिवराळे राहतात. महापालिकेच्या पंपिंग स्टेशनात तेहेतीस वर्षं पंप चालवून निवृत्त झाले. मी त्यांची शेजारीण, शाळेत भूगोल शिकवते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याकडचं गाणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. थांबलं तर तेही कळतं.

काका मूळचे जालना जिल्ह्यातले. नोकरीला लागले त्याच वर्षी त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जिथे भीमजयंतीचा कार्यक्रम, जिथे कव्वालीचा मुकाबला, तिथे तो घेऊन जाऊ लागले. शिफ्ट आडवी आली तर बदलून घ्यायचे. गाणारे कोण, तर रिक्षावाले, वॉर्डबॉय, सफाई कामगार, महिला मंडळातल्या बायका. यांची कॅसेट कुठलीच कंपनी काढणार नव्हती. काका लाउडस्पीकरच्या जरा बाजूला बसायचे, मशीन मांडीवर, आणि गाणं संपलं की गाणाऱ्याचं नाव, गाव, वस्ती वहीत लिहून घ्यायचे. त्यांच्या पत्नी चंपाकाकूही मंडळात गायच्या. २०११ साली त्या गेल्या. तोवर घरात चारशे बारा कॅसेट जमल्या होत्या.

निवृत्तीनंतर काका कॉम्प्युटर शिकले ते या कॅसेटसाठीच. बऱ्याच कॅसेटना बुरशी लागलेली. एकदा कशीबशी वाजायची, आणि मग टेप तुटायची. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आलं तेवढंच शिल्लक. तीन वर्षं हे काम चाललं.

जालन्यात रतन खिल्लारे म्हणून त्यांच्यासारखाच एक वेडा आहे, काकांचा लहानपणचा दोस्त. गाण्यांच्या फाइली मोठ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या की आवाज बसायचा. मग रतन यांनीच टॉरेंटची वाट दाखवली. यात फाइल एका जागी ठेवून सगळे तिथून उचलत नाहीत. ज्याने घेतली, त्याच्या कॉम्प्युटरवरून पुढच्याला मिळते. काकांना ही पद्धत एकदम पटली. पण त्याआधी ते वही घेऊन त्या त्या गाणाऱ्याच्या नाहीतर त्याच्या मुलाबाळांच्या घरी गेले आणि विचारून आले. हळूहळू आठ माणसं झाली. जालना, नांदेड, नागपूर, एक तर दुबईत क्रेन चालवणारा.

अडचण एकच होती. काकांना इतरांकडून मिळायचं, पण काकांच्या कॉम्प्युटरपर्यंत कुणाला पोचता येत नव्हतं. त्यांनी मुलुंडच्या इंटरनेटवाल्याकडून कायमचा एकच राहणारा पत्ता मागून घेतला, मग एक व्हिडिओ बघत राउटरमध्ये काहीतरी चालू केलं, आणि काम झालं. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून स्क्रीनवरचे वर जाणारे हिरवे बाण दाखवले होते.

हे सगळं वर्षभर नीट चाललं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत भिंतीपलीकडचं गाणं बंद झालं. मला वाटलं, गावी गेले असतील. पण दूधवाला बेल वाजवायचा आणि दार उघडायचं. चौथ्या दिवशी मी गेले. काका खुर्चीत बसले होते, कॉम्प्युटर बंद. विचारलं तर म्हणाले, जरा कणकण आहे. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलले. चार दिवसांपूर्वी सकाळी मशीन लावलं तर एकही गाणं वाजेना. फाइलींची नावं बदललेली, शेवटी अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी. सगळं कुलूपबंद केलंय, पैसे पाठवा, किल्ली देऊ. जास्तीची प्रत ठेवलेली हार्ड डिस्कही मशीनलाच लावून ठेवलेली, तीही तशीच झालेली. लाज वाटली म्हणून त्यांनी चार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मुलुंडच्या त्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरी तळवडेकर आली. तिशीतली, पाठीवर बॅग, बोलणं तुटक. तिचे वडील आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भांडुपला वडापावची गाडी लावली, हे मला नंतर कळलं. तिने काकांचं मशीन आधी इंटरनेटवरून काढलं आणि आपल्या लॅपटॉपवर राउटर उघडला. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. ती एकदा काकांकडे बघून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाशी बोलायला आकड्यांची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पासष्ट हजारांवर. टॉरेंटला त्यातलं एक पुरतं. काकांनी व्हिडिओ बघून जे बटण दाबलं होतं, त्याने राउटरने आपली राखण सोडली आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण सरळ मशीनपर्यंत पोचू लागला. फोल्डर शेअर करायचं दार उघडं, दुरून मशीन चालवायचं दार उघडं, आणि त्याला पासवर्ड चंपाकाकूंच्या नावाचा. अशी दारं ठोकत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. त्यांना काका कोण हे माहीतही नसणार.

काका म्हणाले, "म्हणजे एक व्हॉल्व्ह उघडायचा होता आणि मी सगळेच उघडून घरी आलो. पंपावर असतो तर सस्पेंड झालो असतो."

"काका, तो पत्ता तुम्हाला मीच चालू करून दिला होता," माधुरी म्हणाली. "कशाला हवाय, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. टॉरेंटचं नाव ऐकताच त्यांनी सांगितलं असावं की कनेक्शनवर ते बंदच करून टाक, पिक्चर चोरणाऱ्यांची कटकट नको. माधुरी गॅलरीत गेली, पण दार उघडंच होतं. "सर, चोरी नाहीये ही. ह्यांनी स्वतः रेकॉर्ड केलंय, परवानग्यांची वही आहे, मी बघितली. बंद करून काय होणार? नीट लावून देते ना." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ती आत आली आणि कामाला लागली.

कुलूपबंद फाइली उघडणार नव्हत्या. तिने तसं सांगितलं आणि खोटी आशा लावली नाही. पैसे पाठवू नका म्हणाली, सायबर तक्रार नोंदवून दिली, मशीन पुसून नव्याने उभं केलं. मग विचारलं, की तुमच्याकडून गाणी घेतलेले लोक कोण कोण? काकांना ते सुचलंच नव्हतं. किंवा सुचलं असेल, पण मागायचं कसं, हा प्रश्न असेल. मीच रतन यांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

काका अडखळत बोलले, झालेली चूक सांगितली, माफीही मागितली. मग रतन यांचा आवाज मलाही ऐकू आला. "भीमराज, तुझंच तुला परत पाठवायला माझी परवानगी मागतोस? मशीन चालू कर."

पण माधुरीने आधी बाकीचं काम उरकलं. राउटरचा पासवर्ड बदलला, ते घातक बटण बंद केलं, कुठल्याही प्रोग्रॅमने आपणहून दार उघडू नये अशी सोय केली, दुरून मशीन चालवायचं बंद केलं. टॉरेंटसाठी एकच पोर्ट उघडायचा ठरला, आणि तो नेहमीचा नको, आकडा तुम्हीच सांगा, म्हणाली. काकांनी चौदा ऑक्टोबर छप्पन्न सांगितलं, धम्मदीक्षेचा दिवस. पूर्ण तारीख घातली तर आकडा पासष्ट हजारांच्या वर जात होता. शेवटी चौदा हजार छप्पन्न ठरला. हार्ड डिस्क दर रविवारी लावायची, प्रत झाली की काढून कपाटात, हेही तिने त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं.

गाणी नऊ दिवस येत होती. जालन्याहून, नांदेडहून, दुबईहून, तुकड्यातुकड्यांनी. काकांनी आवाज मोठा ठेवला होता आणि मी तक्रार केली नाही. चारशे बारापैकी तीनशे सत्त्याण्णव कॅसेट परत आल्या. बाकी पंधरांतल्या बारा अजून कुणाला द्यायच्या राहिल्या होत्या. उरलेल्या तीन चंपाकाकूंच्या. तांदूळ निवडताना त्या घरी ओव्या म्हणायच्या, ते काकांनी त्यांच्या नकळत टेप केलं होतं. त्या त्यांनी कधीच कुणाला दिल्या नव्हत्या. "घरचं होतं गं ते," एवढंच मला म्हणाले.

तुटक्या टेपा त्यांनी टाकल्या नव्हत्या, हे नशीब. कांदिवलीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांनी दोन महिने लावून बुरशी पुसली, जोड दिले. तीन कॅसेटमधून एकोणीस मिनिटं निघाली. ती घेऊन काका घरी आले आणि त्या दिवशी दार लावून बसले. भिंतीतून काकूंचा आवाज येत होता. मी गॅस बंद करून ऐकत उभी राहिले.

आठवड्याने त्यांनी ती एकोणीस मिनिटंही इतर गाण्यांसोबत टॉरेंटवर ठेवून दिली. दोन दिवसांनी रतन यांच्या बायकोचा फोन आला. एक ओवी अर्ध्यावर तुटते ना, तिचा पुढचा भाग मला येतो, आमच्याकडेही म्हणतात, असं त्या म्हणाल्या आणि फोनवरच गाऊन दाखवला. काकांनी तो टेप केला, आणि या वेळी आधी विचारून. काकूंच्या आवाजाला मात्र तो जोडला नाही. वेगळी फाइल केली, वर बाईंचं नाव आणि गाव लिहिलं.

त्या बारा कॅसेटच्या टेपा मात्र मेकॅनिककडेही जुळल्या नाहीत, त्या गेल्या त्या गेल्याच. काकांना त्यांतली नावं पाठ आहेत, आणि त्या गाणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांना ते आता पुन्हा गाठतायत. भांडुपचे एक रिक्षावाले सत्तरीत आहेत, आवाज पार बसलाय, तरी गायले.

माधुरीशी काकांची चांगलीच गट्टी जमली आहे. सोसायटीत कुणाचं इंटरनेट नवीन लागलं की काका आपणहून जातात आणि आधी पासवर्ड विचारतात. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. गेल्या रविवारी ते माझ्याकडे आले, चष्मा लावून माझ्या राउटरच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं, माझ्या फोनवर तेच टाकून बघितलं आणि म्हणाले, "पद्मजा, शाळेत पोरांना काय शिकवतेस गं तू? अजून अ‍ॅडमिनच ठेवलंय." मग मला शेजारी बसवून त्यांनी पासवर्ड माझ्याकडूनच बदलून घेतला, आणि टाइप करताना स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.