एकवीस महिन्यांची बाई: माणगाव ते चौल, एका पत्रासाठी

माझा करार बारा महिन्यांचा होता आणि व्हिसा तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने मी त्या देशात काय म्हणून राहायचं, असं विचारल्यावर तिथल्या शाळेच्या गोड मॅडम म्हणाल्या, "नंतर बघू." अहो, हे दोन शब्द ऐकायला विमानाने जायची काय गरज होती, माणगावात ते फुकट मिळतात. देशाचं नाव लिहीत नाही, कारण अजून त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे.

तर नव्वद दिवस भरले आणि मी सामानासकट घरी. वर्षाचा व्हिसा हवा असेल तर शिकवण्याचा चोवीस महिन्यांचा अनुभव दाखवा, असा नियम निघाला. मी म्हटलं, ह्यात काय! म्हसळ्याजवळच्या एका खाजगी हायस्कूलचं पत्र होतंच माझ्याकडे, 'दोन शैक्षणिक वर्षे इंग्रजी शिकवले' असं. आपल्याकडे दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तिकडच्या लोकांनी मात्र तारखा मोजल्या. पंधरा जून ते तीस एप्रिल, दोनदा. झाले एकवीस महिने.

मधल्या दिवसांत मला 'ब्रेक' होता. ज्यांना हा ब्रेक माहीत नाही ते नशीबवान. सुट्टी लागायच्या आत कंत्राटी बाईला कामावरून कमी करायचं आणि शाळा उघडली की परत घ्यायचं. सुट्टीचा पगार वाचतो आणि बाई कायम व्हायची भीतीही राहत नाही. गंमत अशी की दोन्ही सुट्ट्यांत, शाळा उघडेपर्यंत, मी रोज शाळेतच होते. दहावीचे जादा तास घेत होते. ब्रेक होता तो फक्त पगाराला.

आता पंधरा दिवसांत नवं पत्र दिलं नाही तर तिकडची शाळा दुसरी बाई घेणार होती. पप्पा तहसीलमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "कागदाला कागदच लागतो. जा, घेऊन ये." म्हणून ही सहल. ज्यांना रायगडचा किनारा दोन दिवसांत बघायचाय, त्यांनी हाच रस्ता घ्यावा, फक्त फाईल घरी ठेवावी.

पहिला दिवस. माणगावहून सकाळची म्हसळ्याची एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट आहे. उजवीकडे बसा, डावीकडे ऊन येतं. वळणं बरीच आहेत, नाश्ता उतरल्यावर करा. म्हसळ्याच्या स्टँडसमोर गरम वडापाव मिळाला, तिखट चटणीने डोळ्यांत पाणी आणलं. पुढे शाळेतही तेच झालं.

शाळेतले नवे हेडमास्तर फार सज्जन माणूस. पंखा लावला, चहा मागवला आणि कपाटाला हातही लावला नाही. "मॅडम, जुन्या रेकॉर्डचं मी कसं सांगणार? तेव्हा मोठे सर हेडमास्तर होते. ते हाताने लिहून देऊ देत, मी लगेच शिक्का मारतो."

"फोनवर विचारता का त्यांना?"

"ते फोन उचलत न्हाय. चौलला असतात, वाडीत."

म्हणजे शिक्का म्हसळ्यात आणि सही चौलमध्ये. मधे एक खाडी.

दिघीपर्यंत दुसरी एसटी. तिथून आगरदांड्याला मोठी बोट जाते, गाड्याही चढतात. वेळा आधी विचारून घ्या, चुकली तर जेट्टीवर सावली शोधत बसावं लागतं. माझ्यापुढे एक मावशी बोकडाला दोरीने धरून उभ्या होत्या.

"ह्याला तिकीट लागतं का?" त्यांनी खिडकीत विचारलं.

"गाडीत हाय का पायी?"

"पायीच हाय की."

"मग जाऊ द्या."

बोकडाला खाडी ओलांडायला कोणी चोवीस महिने विचारले नाहीत. मला त्याचा खरंच हेवा वाटला. बोट सुटल्यावर वारा लागला, पाण्यात जंजिऱ्याची काळी भिंत दिसायला लागली, आणि दहा मिनिटं मी फाईल विसरले. तेवढ्यासाठी तरी जाच.

मुक्काम मुरूडला केला. घरगुती खोली शोधा, समुद्र दिसणारी मागू नका, दर दुप्पट सांगतात आणि दिसते शेजाऱ्याची टाकी. जेवायला कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. खोलीवाल्या काकूंनी विचारलं, "फॉरेनला काय शिकवता?" मी म्हटलं, इंग्रजी. "तिकडे इंग्रजी न्हाय येत?" नाही येत काकू, मोजणी मात्र फार छान येते.

दुसरा दिवस. मुरूडहून काशीदमार्गे रेवदंड्याची एसटी. काशीदला लोक घोड्यावर बसून फोटो काढत होते, त्यांचं चालू द्या. साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा, आणि तिथून रिक्षाने लगेच चौल. नारळ, सुपारी, गार रस्ता. सरांचं घर विचारत गेले.

मोठे सर सुपाऱ्या वाळत घालत होते. मला बघून उठले. "या बाई, परदेशातून कधी आलात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तारखा बरोबर आहेत. ब्रेक होता ना तुम्हाला."

"सर, ब्रेकमध्ये मी कुठे होते?"

"कागदावर तुम्ही नव्हतात."

"कागदावरचं नाही विचारत."

सर पुन्हा सुपाऱ्या पसरायला लागले. मला राग आला होता, आणि रडूही येत होतं. दोन वर्षं ह्या माणसाला मी देवमाणूस म्हणत होते. तेवढ्यात त्यांच्या मिसेस पाणी घेऊन आल्या, आतून सगळं ऐकलं असावं. त्यांनी मला नीट बघितलं.

"अगं, तू ती डब्यावाली ना?"

मला कळेना.

त्या सरांकडे वळल्या. "म्हसळ्याला असताना मे महिन्यात फणसाची भाजी पाठवायचे न्हाय का मी शाळेत? तुम्ही म्हणायचात, एक बाई उपाशी शिकवते, डबा जास्तीचा दे. रोज घासूनपुसून परत यायचा तो. हीच ना ती?"

सरांनी चष्मा परत घातला.

"मग सुट्टीत ही शाळेत न्हवती, तर माझी भाजी कोण खायचं?"

मी हसले, आणि हसता हसता रडले. सर आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, संपलं, तिकडची नोकरी गेली. मग कागद घेऊन आले. अक्षर तेच, फळ्यावरचं, वळणदार. 'सदर बाई दोन्ही वर्षी सुट्टीतही रोज कामावर होत्या. त्या काळाचा पगार दिला नाही. ब्रेक कागदोपत्री होता. तो मी दिला होता.' खाली सही.

"शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं, सर."

"न्हाय चाललं असतं," ते म्हणाले. "वीस वर्षं असे ब्रेक दिलेत मी. एकीने तरी येऊन विचारलं." निघताना त्यांच्या मिसेसनी डबा दिला. ह्या वेळी म्हणाल्या, परत करू नको.

परत येताना रोहा, कोलाड आणि मग महामार्ग. ह्या रस्त्याचं काम माझ्या लहानपणापासून चालू आहे, त्याला कोणी ब्रेक दिलेला दिसत नाही. दोन दिवसांनी म्हसळ्याला जाऊन शिक्का घेतला. नव्या सरांनी पत्र वाचलं आणि ह्या खेपेला चहा मागवायचं विसरले.

पत्राचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. तिकडच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "ब्रेकमध्ये काम करत होतात, तर त्याला ब्रेक का म्हणतात?" एवढं इंग्रजी शिकवते मी, शब्दकोश उघडून बघितला, त्यात हा अर्थ नव्हता. चोवीस महिने मात्र मान्य झाले.

व्हिसा आला, चक्क एक वर्षाचा. तोवर करारातले सातच महिने उरलेत! आधी व्हिसा तोकडा होता, आता करार तोकडा. गोड मॅडमनी लगेच नवा करार पाठवला. सात महिने, मग एक महिना ब्रेक, मग पुढचं वर्ष. त्या महिन्यात नव्या शिक्षकांना तयार करायला शाळेत यावं, अशी 'अपेक्षा' आहे. महिना कुठला, तर मे.

मी कळवलं, येईन, पण हजेरीवर नाव आणि पगार लावून. उत्तर अजून नाही. बॅग अर्धी भरून पलंगाखाली आहे. काल पप्पांनी विचारलं, "आणि त्यांनी न्हाय म्हटलं तर?"

तर राहीन माणगावात. मे माझे दोन देऊन झालेत, तिसरा देणार नाही.