यादी बाहेर लावा

गारपीट झाली तेव्हा आमची द्राक्षं काढणीला आली होती. अर्ध्या तासात घड फुटले, बागेखाली गोड वासाचा चिखल झाला. पंचनामे झाले, सह्या झाल्या. मदत खात्यावर यायला लागली तशी गावात कुजबुज सुरू झाली. कोणाला मिळाली, कोण राहिलं, कळायला मार्ग नव्हता. म्हणून ग्रामसभेत मीच उठून म्हणाले, "यादी बाहेर लावा. सरकारचा पैसा आहे, त्यात लपवायचं काय?"

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. मला वाटलं, लोक आधी एका बड्या बागायतदाराचं नाव धरतील. त्यांच्या माळावर कधी वेल चढला नव्हता, गवतच असायचं. तिथे द्राक्षबाग दाखवली होती. ते नाव सगळ्यांनी वाचलं आणि बोट पुढे सरकवलं. बोट थांबलं ते डोंगराकडच्या एका आदिवासी घरावर. त्या घरातली बाई आमच्याकडे छाटणीला यायची.

"खडकावर कसला गहू? यांचं काय नुकसान झालं?" पारावर कोणीतरी म्हणालं.

तिचा आडवा झालेला गहू मी डोळ्यांनी पाहिला होता. तसं सांगितलं, तर उत्तर आलं, "तुमच्याकडं कामाला येते, तुम्ही तिचीच बाजू घेणार."

तक्रार गेली, फेरतपासणी लागली. तोवर कुजलेला गहू काढून तिनं वावर नांगरलं होतं. आलेल्या माणसांना दिसली ती मोकळी जमीन. अहवाल येईपर्यंत बँकेनं तिच्या नवऱ्याचं खातं गोठवलं. माळावर मात्र तोवर द्राक्षाच्या मांडवाचे खांब आणि तारा उभ्या राहिल्या होत्या. तिथे खाली वेल आहे का, हे कोणी वाकून पाहिलं नाही.

ती माझ्या ओट्यावर आली, पण बसली नाही.

"ताई, लोक मला चोर म्हणत्यात. पोरीला शाळेत बोलत्यात. यादी लावा, असं तुम्हीच म्हणला व्हता ना?"

"हो. पण हे असं होईल..."

"आमचंच नाव वाचतील, हे आम्हाला ठाऊक व्हतं. आम्हाला कोणी इचारलंच नाय."

तिला घेऊन मी तहसील कचेरीत गेले, पुन्हा गेले. "अहवाल येऊ द्या," एवढंच ऐकून परतलो. येताना एसटीत ती माझ्या शेजारी न बसता पुढे जाऊन बसली.

पुढच्या ग्रामसभेला ती आली. याआधी तिला तिथे मी कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचून उभी राहिली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, "भाऊसाहेब, माझ्या घरधन्याचं नाव मोठ्यानं वाचा. कोणाला काय इचारायचं, ते माझ्या तोंडावर इचारा."

त्यांनी नाव वाचलं. पारावर बोलणारे सगळे तिथेच होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मग ती म्हणाली, "आता माळाचं वाचा." ग्रामसेवकांनी कागद उलटा ठेवला आणि पाणीपट्टीचा विषय काढला.

मी उठले, तेच नाव वाचायला सांगितलं. माझ्या मागून आणखी दोघी उठल्या. सभा तहकूब झाली.

तिच्या नवऱ्याचं खातं पावसाळ्यात मोकळं झालं. पेरणी तोवर उसनवारीवर उरकली होती. माळाबद्दलचा आमचा अर्ज अजून कचेरीत पडून आहे. त्यावर तिचा अंगठा पहिला आहे, माझी सही त्याखाली. छाटणीला मात्र ती आता दुसऱ्यांकडे जाते.