मावशीच्या शब्दकोड्यांचं बिऱ्हाड

माझी मावशी छापखान्यात प्रुफं तपासायची. निवृत्त झाल्यावर मालाडच्या घरी बसून ती दर रविवारी एक शब्दकोडं रचायची आणि मी ते एका फुकटच्या ब्लॉगवर टाकायचे. खाली लोक उत्तरं लिहायचे. वीसेक जण असतील, पण पक्के. मुलुंडच्या एक निवृत्त नर्सबाई होत्या, घाटकोपरचा एक रिक्षावाला होता. बोरिवलीचं एक जोडपं तर एकाच घरात बसून एकमेकांची उत्तरं खोडायचं. उत्तरांपेक्षा गप्पाच जास्त चालायच्या.

सहा वर्षं असं चाललं. मग ब्लॉगवाल्या कंपनीची मेल आली: सेवा बंद होत आहे, तीन महिन्यांत आपला मजकूर हलवा.

मी म्हटलं, "मावशी, मोबाइलवर ग्रुप काढूया ना. सोपं पडेल."

"नको. तिथे सकाळी लिहिलेलं संध्याकाळी सापडत नाही. माका सगळां एका जाग्यार होयां," ती म्हणाली. चिडली की मावशी मालवणीत शिरायची.

एका जागी म्हणजे स्वतःचा सर्व्हर. ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं की व्हीपीएस घे. कुठल्यातरी मोठ्या कंप्युटरचा एक कप्पा भाड्याने मिळतो, त्यात काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण शिकायची हौस होती. मग पुढचे कितीतरी शनिवार मी कांजूरमार्गहून मालाडला जात राहिले. दुपारी जेवण झालं की मावशी टेबल पुसायची, मी लॅपटॉप उघडायचे. मेमरी किती, जागा किती, भाडं किती, असा मी तक्ता केला होता. मावशीला पडद्यावर वाचायला त्रास व्हायचा म्हणून तो छापून नेला.

सगळ्यात स्वस्त कंपनीवर माझा जीव जडला होता. मावशीने त्या कंपनीच्या अटींचं पान मागितलं. भिंग लावून शेवटच्या बारीक ओळींपर्यंत वाचलं आणि लाल पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली.

"हा भाव पहिल्या वर्षापुरता. दुसऱ्या वर्षी चौपट. वाचलंस का तू हे?"

मी वाचलं नव्हतं.

"आणि मजकुराची रोजची जादा प्रत ठेवायची तर त्याचे पैसे वेगळे. म्हणजे हे स्वस्त नाही गो, स्वस्त दिसतंय."

तिने अशा चार कंपन्या खोडल्या. उरल्या तीन. त्यांच्यातलं मला काही ठरवता येईना. तेव्हा मावशीने तिन्ही कंपन्यांना एक पत्र लिहायला सांगितलं. ती सांगत गेली, मी इंग्रजीत टाइप करत गेले: माझं वय त्र्याहत्तर आहे. उद्या मी नसले आणि माझ्या भाचीला हे सगळं दुसरीकडे न्यायचं असेल, तर तुम्ही तिला नेऊ द्याल का?

एका कंपनीने सवलतीचं कूपन पाठवलं. दुसरीने छापील उत्तर धाडलं, त्यात प्रश्नाचा पत्ताच नव्हता. तिसरीकडून कुणा माणसाने चार साध्या ओळी लिहिल्या: खातं आत्ताच भाचीच्या नावावर उघडा, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. प्रत कशी काढायची ते सोबत पाठवतो.

"ह्याच्याकडे जाऊ," मावशी म्हणाली. तक्त्यात ती कंपनी सगळ्यात स्वस्त नव्हती. पण दर वर्षी तोच भाव होता, आणि आम्हाला तो झेपणार होता.

मग माझ्याकडून घोळ झाला. सगळा मजकूर नव्या जागी नेला, मावशीला अभिमानाने दाखवला, तर सहा वर्षांच्या गप्पांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एकही मराठी अक्षर शिल्लक नाही. "वाट लागली," एवढंच तोंडातून निघालं.

"जुनं अजून आहे ना?" मावशीने विचारलं. होतं. बंद व्हायला नऊ दिवस बाकी होते. त्या चार ओळीवाल्या माणसालाच लिहिलं. एक सेटिंग चुकलं होतं, ते त्याने दाखवलं. दुसऱ्या खेपेला अक्षरं नीट उतरली.

तरी मावशीचा विश्वास बसेना. तिने जुनं-नवं शेजारी लावून एकेक प्रतिक्रिया तपासायला घेतली. मी रोज ऑफिस सुटल्यावर येऊन वाचायचे, ती मान हलवायची. चौथ्या दिवशी एका टोपणनावावर ती थांबली. हे गृहस्थ दर आठवड्याला ठार चुकीचं उत्तर द्यायचे आणि वर मावशीशी वाद घालायचे.

"हे तुझे काका," ती म्हणाली.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"आतल्या खोलीतून लिहायचे. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. एक शब्द ते कायम ऱ्हस्व लिहायचे. आयुष्यभर मी तो दुरुस्त केला, मला कळणार नाही होय?"

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"सांगितलं असतं तर लिहिणं थांबवलं असतं ना."

त्या दिवशी आम्ही पुढे फार तपासलं नाही. काकांनी लिहिलेलं तेवढं शोधून शोधून वाचलं. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यातल्या चुका दुरुस्त करू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "हात लावू नकोस."

नवा पत्ता मी सगळ्यांना कळवला. पहिले दोन रविवार कुणीच फिरकलं नाही, मावशी उगाच स्वयंपाकघरात डबे घासत राहिली. तिसऱ्या रविवारी नर्सबाई आल्या, मग बोरिवलीकर आले आणि भांडणं पूर्ववत सुरू झाली.

आता मावशीचे डोळे थकलेत, ती महिन्याला एखादंच कोडं रचते. बाकीचे रविवार रिक्षावाल्याने घेतलेत. त्याची कोडी कठीण असतात, मला तर निम्मीही सुटत नाहीत.