गाडी दारात असताना

चारचाकी गाडी घरी आली आणि मम्मीचं चालणं बंद झालं. त्याआधी बाजाराच्या दिवशी ती शेजारच्या काकूंबरोबर कुरुंद्याला पायी जायची. येताना दोघी कुणाच्या तरी बांधावर बसून भजी खायच्या. आता बाजाराचा दिवस उजाडला की ती साडी बदलून ओट्यावर बसते. दादा मोकळा असला तर गाडी निघते. नाही तर भाजी तोच आणतो आणि ती हमखास निबर असते. एकदा मम्मी एकटीच निघाली, तर पप्पांनी मोटारसायकल मागे घातली. "गाडी दारात असताना चालत काहून निघाली? लोक म्हणतील, गाडी नुसती दाखवायला घेतली." मम्मी परत आली.

आमच्याकडे पैसा आला तो हळदीतून, पप्पांच्या मेहनतीतून. ते मी नाकारत नाही. पण घरात चक्की आली तेव्हा बायकांचं गिरणीवर जाणं गेलं, नळ आला तेव्हा विहिरीवर जाणं गेलं. कष्ट कमी झाले, बरं झालं. त्या कष्टांसोबत घराबाहेर पडायचं कारणही गेलं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि बरंच वाटलं असेल.

मी वसमतला इंग्रजी शाळेत शिकले, पुढे नांदेडला पदवी घेतली. मी फारसं बोलत नाही. पाहुणे म्हणतात, पोरगी गुणाची आहे, आवाज ऐकू येत नाही. फोनवर मात्र मला बोलावं लागतं. हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन पोत्यांत भरली की दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांचे फोन येतात. त्यांना मराठी येत नाही आणि हिंदी दोन्हीकडे अर्धीमुर्धी. मग पप्पा फोन माझ्या हातात देतात. मालाचे फोटो मी पाठवते, नमुने मी पाठवते. पप्पा बोटांनी भाव दाखवतात आणि मी इंग्रजीत त्या भावावर अडून बसते. सौदा झाला की पप्पा ओसरीवरच्या माणसांना सांगतात, "बाहेरचं सगळं पोरगं बघतंय." ते पोरगं तेव्हा गाडी घेऊन कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर मित्रांसोबत बसलेलं असतं.

या उन्हाळ्यात कुरुंद्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत मला पहिलीचा वर्ग मिळाला. त्या शाळेचे पत्रे आमच्या गच्चीवरून दिसतात. पप्पांना सांगितलं तेव्हा ते आणि काका ओसरीवर जेवत होते.

"किती देणार?" पप्पांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले.

"तेवढे मीच देतो माय. घरी बस."

"पैशासाठी नाही पप्पा."

"मग काहून? आपल्याला काय कमी हाय?"

काका भाकरी मोडत म्हणाले, "लोकाच्या हाताखाली जायला आपण काय तांड्यावरचे हाव का?"

तांड्यावरच्या बाया समोर अंगणातच हळद निवडत होत्या. त्यांच्यातली मम्मीच्या वयाची एक मान वर न करता म्हणाली, "बराबर हाय मालक. आमाला कमी हाय म्हणून आमी येतो. तिला कमी न्हाई म्हणून तुमी जाऊ देईनात."

बाकीच्या पदराआड हसल्या. काका हसले नाहीत.

त्या बायांचा हेवा वाटला, असं मी लिहिणार नाही. दुसऱ्याच्या उन्हाचा हेवा करायला आधी पोट भरलेलं लागतं. पण 'तेवढे मीच देतो' हे माझ्या डोक्यातून जाईना. त्या बायांना काम केल्याचे पैसे मिळत होते. मला काम न करण्याचे मिळणार होते. आणि जे काम मी रोज करत होते, त्याचं तर नावही कुणी घेत नव्हतं.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. ओसरीवर काका, दादा आणि दोन शेजारी होते. पप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

"काहून? बोल ना."

"दादाला द्या," मी हळूच म्हणाले. "बाहेरचं तोच बघतो ना."

दादानं फोन घेतला. "हॅलो... यस सर... यस... यस." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत राहिला, दादा यस म्हणत राहिला. शेवटी फोन ठेवून तो म्हणाला, "त्यानं कोणता तरी भाव सांगितला. मी व्हय म्हणलो."

शेजारी छताकडे बघू लागले. पप्पांनी दादाच्या हातातून फोन काढून घेतला. मग म्हणाले, "लाव माय परत. समजावून सांग त्याला."

"शाळेचं?"

"जा बाई, जा. पण गाडीनं जायचं."

मी फोन लावला. भाव पप्पांना हवा तेवढा करून घ्यायला मला पुष्कळ बोलावं लागलं. पप्पा आता लोकांना सांगतात, "घरी करमत न्हाई म्हणून जाते." म्हणजे काम ते अजूनही नाहीच.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी तयार होऊन उभी होते आणि गाडी दारात नव्हती. दादा ती रात्रीच घेऊन गेला होता. पप्पा फोन लावत राहिले, तो उचलेना. "थांब थोडं," ते म्हणाले. मी चप्पल घातली. मागून मम्मी पिशवी घेऊन आली आणि माझ्याबरोबर चालू लागली.

शाळेच्या फाटकाशी मी थांबले. ती थांबली नाही.

"आज बाजार हाय," म्हणाली, आणि कुरुंद्याकडे निघाली.