डाव्या हाताची करंगळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या गंगव्वाला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय — तेही बघा, अडखळतच.

मी शिक्षिका. सोलापुरातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, म्हणजे घरात कानडी आणि दारात मराठी. भाषांतराच्या प्रश्नात पोरांनी एक शब्द गाळला की अर्धा गुण कापायची मी. गाळलेला शब्द म्हणजे खोटं बोलणंच, असं वर्गात ठणकावून सांगायची. माझ्या पाठीमागे पोरं मला काय म्हणत असतील ते सोडा. सांगायचं एवढंच, की नियम मला माहीत नव्हता असं नाही.

आणि एक भाऊ आहे मला. शिवानंद. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई शेतात जायची, त्याला मीच सांभाळायची. तो चार वर्षांचा असताना एका सणाला मी तळण करत बसले होते — हातात गोष्टीचं पुस्तक, लक्ष पुस्तकात — आणि त्यानं कढईत हात घातला. बाकीची बोटं बरी झाली. डाव्या हाताची करंगळी आत वळून बसली ती कायमची, तिला नखही आलं नाही. वडिलांना मी सांगितलं, मांजरानं कढई सांडली. तेव्हापासून त्या करंगळीकडे बघितलं की मी त्याला कशालाही नाही म्हणू शकत नाही. त्यालाही ते चांगलं ठाऊक आहे.

मोठेपणी त्यानं जुळे सोलापूर या उपनगरात एक गाळा घेतला. परदेशी नोकरीचं मार्गदर्शन, अशी पाटी. मी कधी खोलात विचारलं नाही. का विचारलं नाही? बरं चाललं होतं ना त्याचं. बरं चाललेल्या भावाला कोण प्रश्न विचारतं?

दोन वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यातून मला बोलावणं आलं. तिथल्या साहेबांची मुलगी माझ्याकडे शिकलेली. काम भाषांतराचं होतं. परदेशात — देशाचं नाव घेत नाही — सरहद्दीजवळ पोलिसांनी एक बंद ट्रक उघडला होता. आत माणसं कोंबलेली. बरीचशी अर्धमेली, दोघं मेलेले. सगळ्यांकडे खोटे कागद आणि घोकून घेतलेली खोटी नावं. तिकडचे पोलीस आणि इकडचे पोलीस मिळून शोध घेत होते, की इथून माणसं कोण पाठवतं, वाटेत कोण सांभाळतं, ट्रकमध्ये कोण भरतं. वाचलेल्यांपैकी एकजण एवढंच बोलला होता, की आमच्यात एक सोलापूरकडचा होता.

इकडे मैंदर्गीच्या गंगव्वानं मुलगा हरवल्याची तक्रार दिलेली होती. बसवराज, सत्तावीस वर्षांचा. परदेशात बेकरीत काम मिळालं म्हणून गेला आणि दीड महिना त्याचा फोन नव्हता. तिला कानडी येते, मराठी मोडकीतोडकी. पडद्यावरच्या लोकांना इंग्रजी. मधला पूल मी.

दुपारची वेळ होती. रजिस्टरांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवलेला. पडद्यावर पांढऱ्या आखूड केसांची एक अधिकारी बाई. माझ्याकडून आधी शपथ घेतली — शब्दाला शब्द सांगेन, काही घालणार नाही, काही गाळणार नाही. सही केली. सही झोकात केली हो, शिक्षकाची सही.

गंगव्वा माझ्या शेजारी बसली होती. इरकल लुगडं, हातात पिशवी, आणि गळ्यात दोन डब्या. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग प्रत्येकाच्या गळ्यात असतं, चांदीच्या डबीत. पण एकाच्या गळ्यात दोन? मी विचारलं, तर म्हणाली, "ह्ये एक माज्या लेकराचं हाय, बाई. त्यो येईपर्यंत दोगांची पूजा मीच करते की."

लिंग अंगावेगळं करत नाहीत आमच्यात. माणूस गेला तरी त्याच्या डाव्या तळहातावर ते ठेवूनच माती देतात. मग या जित्या पोराचं हिच्याकडे कसं?

पडद्यावरच्या बाईनं आधी मुलाची ओळख विचारली. त्या दोन मृतांचे चेहरे ओळखण्याजोगे उरलेले नव्हते, म्हणून अंगावरच्या खुणा हव्या होत्या. गंगव्वा म्हणाली, काही खूण नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. हे मी नीट सांगितलं. मग तिनं विचारलं, मुलाला घरून नेलं कुणी?

गंगव्वा सांगू लागली. एक साहेब दोनदा घरी आला. जेवला. जाताना म्हणाला, गळ्यातलं काढून ठेव, विमानतळावरचं यंत्र वाजेल. — यंत्राचं निमित्त होतं, हे आता मला कळतं. खोटं नाव लावलेल्या माणसाच्या गळ्यात खरी ओळख नको होती त्यांना. — बसवराज ऐकेना. तेव्हा त्या माणसानं पाणी मागून हात धुतले, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं आणि आईच्या ओंजळीत दिलं. ज्याला लिंग असं हाताळता येतं तो आपलाच, तो फसवणार नाही, असं वाटलं तिला. दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं. तिला वाटलं, कारण तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

इथपर्यंतही मी शब्दाला शब्द सांगत होते, खरंच.

आणि मग गंगव्वानं पुढचं वाक्य उच्चारलं. ते उच्चारताना तिनं आपला डावा हात पडद्यासमोर धरला आणि करंगळी आत मुडपून दाखवली.

पडद्यावरची बाई पुढे झुकली. तिनं विचारलं, ती हात करून काय दाखवते आहे?

तुम्हाला वाटेल, मी खूप विचार केला असेल. नाही केला. मांजराचं नाव घ्यायला तरी कुठं वेळ लागला होता? मी म्हणाले — ती सांगते आहे की मघाशी सांगायचं राहिलं, तिच्या मुलाची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी भाजलेली.

बाईनं कागद चाळले. बराच वेळ चाळले. मग चेहरा सैल करून म्हणाली, या दोघांपैकी कुणाचीही करंगळी तशी नाही. या आईला सांगा, त्यांचा मुलगा यात नाही.

तेव्हा कळलं मला मी काय केलं होतं. भावाला झाकायला गेले आणि बसवराजच्या अंगावर खोटी खूण डकवली. अजूनही सांगता आलं असतं. चुकलं, पुन्हा विचारते, एवढंच म्हणायचं होतं. कुणी हसलं नसतं, कुणी रागावलं नसतं. मी म्हणाले नाही. मी गंगव्वाकडे वळले आणि ते वाक्य मात्र शब्दाला शब्द, अगदी पूर्ण गुण मिळावेत असं, कानडीत सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. रडली. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी आणलेली शेंगाचटणी मी घरी आणली आणि — हेही सांगून टाकते — आम्ही ती खाल्ली.

शिवानंदला विचारलं मी. तो म्हणाला, "अक्का, मी नुसते कागद गोळा करतो. फुडं कोण कुठं नेतं मला काय म्हाईत?" आणि डाव्या हातानंच चहाचा कप उचलला.

साडेचार महिन्यांनी वाचलेल्यांपैकी त्याच माणसानं बसवराजचं खरं नाव सांगितलं. मग गंगव्वाचं रक्त घेतलं, तिकडे पाठवलं, आणि ते जुळलं. तोवर तिकडच्या लोकांनी त्याला बेवारस म्हणून पुरलं होतं. त्याच्यावर नाव नाही, नंबर आहे. तळहात रिकामा. वाकड्या करंगळीचा तपशील कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. दुःखात आई काहीही बोलते, असं साहेब मला म्हणाले. मी मान हलवली. म्हणजे माझं खोटंही शेवटी तिच्याच नावावर गेलं.

साडेचार महिने ती दोघांची पूजा करत होती. अजूनही दोन डब्या घालते, असं ऐकते. मी गेले नाही बघायला. कुठल्या तोंडानं जाऊ?

आता हे का सांगते आहे? मन स्वच्छ झालं म्हणून नव्हे, उगाच तसं समजू नका. परवा शिवानंदच्या गाळ्यावरून जात होते. बाकावर माढ्याकडची एक बाई आणि तिचा मुलगा बसले होते. मुलाच्या मांडीवर फाईल. बाईनं मला तिथल्या ओळखीची समजून विचारलं, "बाई, हितलं साहेब भरवशाचं हायत न्हवं?" मी काहीच बोलले नाही. पुढे चालत आले. त्या कोपऱ्यापासून घरापर्यंत मला स्वतःची किळस येत होती. पुन्हा गप्प. पुन्हा तेच.

उद्या सकाळी हेच सगळं लिहून काढलेले कागद घेऊन मी त्याच पोलीस ठाण्यात त्याच टेबलासमोर जाणार आहे. माझं काय व्हायचं ते होईल, शिवानंदचंही होईल. मला कुणाकडून काही नको. फक्त ते भाषांतर माझ्याकडे दोन वर्षं अपुरं पडून आहे, ते पुरं करते. गंगव्वा त्या दुपारी म्हणाली होती —

"लिंग तळहातावर घेतलं तवा मी त्येचा हात बघितला. डाव्या हाताची करंगळी वाकडी, जळल्याली, नख न्हाय. माज्या लेकराची धाच्या धा बोटं सरळ हायत."