बंदुकीत अडकलेलं काडतूस

उत्तरेतल्या बख्शी का तालाब गावाजवळच्या पेरूच्या बागेतला तो गोळीबार मी अजून विसरलेलो नाही. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळीच फोन आला, "साहब, फौजी ने पड़ोसी को गोली मार दी."

फौजी म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ. बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचा जुना वाद. शेजाऱ्याच्या मांडीत छरे घुसले होते. त्याचा मेहुणा सांगत होता, फौजींनी पहिला बार हवेत काढला आणि दुसरा नेम धरून.

फौजींची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक परवान्याची होती. तिच्यात झाडलेलं काडतूस बाहेर न पडता अर्धवट अडकलेलं दिसलं. शिपाई ते ओढायला गेला, तर मी त्याला थांबवलं. आहे तशा स्थितीत फोटो काढले, पंचनामा केला, बंदूक सील केली. बागेत दुसरं रिकामं काडतूस मिळालं नाही.

ठाण्यात माझ्या मराठी आडनावाची पाटी वाचून फौजी मराठीत बोलू लागले. "साहेब, माकडं हाकलायला एकच बार काढला, तोही वर. दुसरा झाडांआडून आला, कुणाचा ते दिसलं नाही."

"हिंदीत सांगा," मी म्हटलं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको होतं.

बंदूक हल्ली दर बाराला अडकते, साफसफाई केली, स्प्रिंग बदलली, तरी गुण नाही, असं त्यांनी जबाबात सांगितलं. आरोपी काहीही सांगतो. मी बंदूक त्यांच्याच काडतुसांसह आणि जखमेतून काढलेल्या छऱ्यांसह प्रयोगशाळेत पाठवली.

तिथल्या तज्ज्ञाचा फोन आला. बंदुकीत दोष नव्हता. बाराच्याच जोरावर ती रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. फौजींनी अलीकडे हलकी काडतुसं आणली होती, त्यांचा जोर पुरत नव्हता, म्हणजे एका बारानंतर लगेच दुसरा निघणं शक्य नव्हतं. जड काडतुसांवर तीच बंदूक सुरळीत चालली. शिवाय जखमेतले छरे या काडतुसांतल्या छऱ्यांपेक्षा मोठे होते. अडकलेल्या काडतुसाचा तो बार नव्हता, म्हणजे दुसरं शस्त्र होतं.

मी मेहुण्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, रिकामी काडतुसं कुठे पडली?

"दोनों वहीं, घास में."

मी अडकलेल्या काडतुसाचा फोटो पुढे ठेवला. तरी तो कबूल होईना.

मग मी इस्पितळात गेलो. शेजाऱ्याला एवढंच म्हणालो, "आपके बयान पर वो जेल जाएँगे. सोच लीजिए." उशाशी त्याची बायको होती, म्हणजे मेहुण्याची सख्खी बहीण. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तीच बाहेर आली.

"भाई है मेरा," ती म्हणाली, "पर झूठ बोलकर किसी का घर नहीं उजाड़ेंगे. आइए, ये बताएँगे."

शेजाऱ्याने सगळं सांगितलं. बार ऐकून दोघं बागेत धावले. मेहुण्याने झाडांआडून फौजींवर गावठी कट्टा काढला, याने त्याचा हात धरला आणि झटापटीत कट्टा उडाला. दुसऱ्या दिवशी बहिणीनेच भावाला ठाण्यात आणलं. कट्टा जप्त झाला आणि फौजी सुटले. पुढे दोन्ही घरांनी मोजणी करून बांध कायमचा ठरवला.

बंदुकीने मला शंका दिली, पण प्रकरण उलगडलं त्या बाईने. त्यानंतर साक्षीदाराला घरच्या माणसाजवळ थोडा वेळ सोडून बाहेर बसायची मी सवय लावून घेतली. काहींनी त्या वेळात खोटं रचलं. बरेच जण मात्र खरं सांगायला स्वतःहून दारात आले.