लिंबासाठी लावलेली धार

माझ्या लग्नातली एकच गोष्ट मला अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर दिसते, आणि ती म्हणजे बायको नव्हे. तिला मी त्या दिवशी धड पाहिलंच नाही. दिसते ती आमची कट्यार. चकचकीत, दोन्ही बाजूंनी वस्तऱ्यासारखी धारदार आणि पुढून गोल. टोक नसलेली कट्यार हातात घेऊन बोहल्यावर चढलेला सबंध सोलापुरात मी एकटाच असेन.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. नवरदेवाला दृष्ट लागू नये, वाऱ्यावावदानाची बाधा होऊ नये, यासाठी. अक्षता पडून वरात घरी येईपर्यंत ती सोडायची नाही. जेवताना मांडीशी, झोपताना उशाशी. आमच्या घरची कट्यार भावकीतल्या प्रत्येक लग्नाला हजर असायची. ती आमच्या पूर्वजांनी मोठ्या लढाईत चालवली होती, असं आबा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगायचे. लढाई कुठली, ते मात्र पाहुण्यांगणिक बदलायचं. माझ्या माहितीत तरी तिनं लिंबाखेरीज कुणाच्या अंगाला स्पर्श केला नव्हता. कडा इतक्या बोथट होत्या की लहानपणी आम्ही भावंडं तिनं एकमेकांची पाठ खाजवायचो. टोक तेवढं शाबूत होतं आणि कामही तेवढंच होतं.

आबा गिरणीत फिटर होते. त्यांचा देवावर विश्वास होता, पण मशीनवर जास्त होता. माणूस आळशी असतो, मशीन नसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या पेठेच्या तोंडाशी तेव्हा एक नवं दुकान निघालं होतं. पिठाच्या गिरणीला लागून एक खण, तिच्याच इंजिनावरून पट्टा घेऊन गरगर फिरणारी साण, आणि वर पाटी : येथे सर्व हत्यारांना मशीनवर धार लावून मिळेल. दुकानदार मुंबईला शिकून आला होता आणि हे तो गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत सांगायचा. आबा त्या दुकानापुढे उभे राहिले की घरी यायला उशीर व्हायचा.

माझं लग्न होटगीकडच्या एका शेतकरी घरात ठरलं. तारीख जवळ आली तशी कट्यार पेटीतून बाहेर निघाली. तिच्यावर गंज चढला होता.

"सोयरं काय म्हनतील?" आबा म्हणाले. "धार लावून आणतो. मशीनवर."

"धार कशाला?" आई म्हणाली. "लिंबू काय उठून लडाईला येनार हाय का?"

पण आबांनी कट्यार टॉवेलात गुंडाळली होती.

आईच्या त्या बोलण्यात थट्टा कमी आणि धास्ती जास्त होती. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात वाटेतच लिंबू गळून पडलं होतं. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. पण वहिनी वर्षाच्या आत तापानं गेली, आणि मग भावकीतल्या बायकांना ते लिंबू आठवलं. लिंबू पडलं होतं भावाच्या हातून, पण पांढऱ्या पायाची ठरली ती वहिनी, तीही मेल्यावर. आईनंही एकदा भरल्या घरात तेच म्हटलं होतं. पुढे आपलेच ते शब्द तिला फार लागले. भावानं पुन्हा लग्न केलं नाही, आणि आई त्याच्यासमोर लिंबू चिरायचीसुद्धा नाही. म्हणून माझ्या लग्नात तिचं मागणं एकच होतं. बाकी काहीही चुकू दे, लिंबू पडता कामा नये.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी आबा कट्यार घेऊन आले. टॉवेल उलगडला आणि आम्ही सगळे थक्क झालो. पात्यात आमची तोंडं दिसत होती. आबांनी कडेवरून नुसता केस फिरवला, त्याचे दोन तुकडे झाले. मग आईनं पात्याच्या शेवटाला बोट लावलं.

"आवो, टोक कुटं हाय हिचं?"

टोक नव्हतं. जिथं टोक असायचं तिथं चमच्यासारखी गुळगुळीत गोलाई होती.

आबा आल्या पावली परत दुकानात गेले, सोबत मीही. दुकानदार जराही ओशाळला नाही. उलट आम्हालाच समजावू लागला. "जुनं लोखंड होतं. साणेवर टोक तापलं, निळं पडलं. निळं पडलेलं टोक म्हणजे मेलेलं टोक. मुंबईला आम्ही असलं ठेवतच नाही. घासून गोल केलं. आता कुणाला टोचायची भीती नाही."

"आरं, पर टोचायलाच पायजे की ती!" आबा म्हणाले.

"कुणाला?"

"लिंबाला!"

दुकानदारानं आमच्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर आमचंच काहीतरी चुकलंय असं वाटलं. मग तो म्हणाला, नवं टोक काढून देतो, पातं बोटभर कमी होईल इतकंच. आबा त्यालाही तयार झाले. पण पिठाच्या गिरणीचं इंजिन तासाभरापूर्वीच बंद पडलं होतं, आणि इंजिन नाही तर साण नाही. हातानं कानस चालवायची म्हटल्यावर मुंबईला शिकलेला तो गृहस्थ दुखावला. आबांनी घरी येऊन स्वतःच कानस हातात घेतली, तर आत्या आडवी आली. उद्या हळद, आणि आज रात्री कट्यारीवर लोखंड घासतोस? आत्या आबांची थोरली बहीण. रूढीच्या बाबतीत तिच्यापुढे आबांचं काही चालायचं नाही.

मग घरात लिंबाचे प्रयोग सुरू झाले. गोल पातं सालीतून आत जाईना. दाभणानं भोक पाडून आत दाबलं तर कडांची ती मशीनची धार लिंबाला दोन्हीकडून चिरत खाली उतरायची, आणि लिंबाच्या दोन फाका पाटावर. जिथं धार नको तिथं ती भरपूर होती आणि जिथं टोक हवं तिथं काहीच नव्हतं. आबांनी फिटरचं डोकं चालवून तारेचा आकडा सुचवला. सोलापुरात सुताला काय तोटा, म्हणून मी सुतानं बांधायचं सुचवलं. आत्या म्हणाली, लिंबू खोचायचं असतं, फाशी द्यायचं नसतं. त्या रात्री घरातल्या सगळ्यांनी पोटभर सरबत प्यायलं, तरी फाका उरल्या. शेवटी एक जाड सालीचं, कच्चं, दगडासारखं लिंबू कसंबसं पात्यावर बसलं. आईनं त्याच्याकडे हात जोडून पाहिलं. ती माझ्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या पाया पडली असेल असं वाटत नाही.

हळदीला हेच लिंबू लागलं, म्हणजे आता शेवटपर्यंत हेच. बदलायची सोय नव्हती. मी दोन दिवस कट्यार सरळ उभी धरून वावरलो. मान वळवायची असली तर आधी कट्यारीला विचारायचो. शेल्याचे धागे तिनं कापलेच, एकदा मुंडावळीही कापायला निघाली होती. होटगीपर्यंतचा रेल्वेचा प्रवास एरवी किती छोटा, पण त्या दिवशी रुळांच्या प्रत्येक सांध्याचा धक्का माझ्या मनगटात यायचा आणि समोरच्या बाकावरून आई डोळे न मिटता लिंबाकडे बघत असायची. गाडी थांबली तेव्हा तिनं मोठा सुस्कारा सोडला.

मांडवात गर्दी मोठी. नवरीकडच्या बायका आपसात कानडीत बोलत, हसत. मला कानडी येत नव्हतं, त्यामुळे ते सगळं माझ्या कट्यारीबद्दलच आहे अशी माझी खात्री झाली. अंतरपाट धरला. पलीकडे हिरव्या शालूचा काठ आणि हळदीची दोन पावलं, एवढीच मला बायको दिसत होती. मंगलाष्टकं सुरू झाली.

तिकडे अक्षता म्हणून कुंकवानं रंगवलेली ज्वारी टाकतात, आणि शेतकऱ्याचे हात, पेरणीची सवय. प्रत्येक सावधानला मूठभर दाणे सपकन अंगावर यायचे. पहिल्या खेपेला लिंबू हललं. दुसऱ्या खेपेला कललं. मी अंगठा वर सरकवायला गेलो, तर धार अंगठ्याला लागली, हात दचकला, आणि लिंबू टपकन खाली पडलं. दाण्यांतून घरंगळत ते थेट अंतरपाटाखालून पलीकडे गेलं.

आई बायकांच्या घोळक्यात मागे होती, तिला अजून दिसलं नव्हतं. आत्या डोळे मिटून अक्षता टाकत होती. पण शेवटचं अष्टक संपून अंतरपाट सरकला की नागडी कट्यार सगळ्या मांडवाला दिसणार होती. पुढे काय होईल ते मला माहीत होतं, कारण ते आमच्या घरात एकदा झालेलं होतं. ज्या मुलीचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी मी त्या क्षणी घाबरलो. मुंबईला शिकलेल्या त्या माणसाला मी मनात ज्या शिव्या दिल्या, त्या मंगलाष्टकांच्या चालीवरच दिल्या.

तेवढ्यात अंतरपाटाखालचा हिरवा काठ पुढे सरकला आणि त्यानं लिंबू झाकलं. मग निऱ्या सारख्या करायला वाकावं तशी ती वाकली. "उबी ऱ्हा की गं सरळ," असं कुणीतरी तिला दटावलंही. वाजंत्री वाजली, अंतरपाट गेला. तिनं हार घालायला हात वर केले. हार माझ्या गळ्यात पडला आणि हाराआडून एक ओलसर, गोल वस्तू माझ्या तळहातात आली. मी ती पात्यावर बसवली आणि बोटांनी घट्ट धरून ठेवली. आत्यानं डोळे उघडले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

परतीच्या गाडीत उपरण्याची गाठ बांधलेले आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. चाकांचा आवाज वाढला तेव्हा मी खाली बघून विचारलं, "का उचललंस?"

तीही खालीच बघत होती. "पडलेलं दिसलं असतं तर तुमाला कोन काय म्हनलं असतं?" ती हळू म्हणाली. "नाव माजंच निगालं असतं की." मग जरा थांबून, "कट्यारीला धार कुनी लावली वो? लईच बेस लावलीया."

मी हसलो. आमच्यातलं ते पहिलं हसणं. पण पहिलं वाक्य मनातून जाईना. मला जे घडल्यावर कळलं होतं, ते ही मुलगी घरून शिकून आली होती.

सोलापुरात दाराशी पोचलो. माप ओलांडायच्या आधी कट्यार आईच्या हाती द्यायची होती. आईनं लिंबू उतरवलं आणि उलटं करून पाहिलं. त्याच्या बुडाला मांडवातली माती लागली होती आणि रसाला कुंकवानं रंगलेले ज्वारीचे दाणे चिकटले होते. कट्यारीवर उभ्या असलेल्या लिंबाच्या बुडाला माती लागत नाही, हे आईला कुणी सांगायला नको होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडे. मग उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे.

"का गं," आत्या मागून आईला म्हणाली, "लिंबू ऱ्हायलं न्हवं नीट?"

आईची मूठ मिटली.

"व्हय की," ती म्हणाली. "हाललंसुदा न्हाय. सरा बाजूला, पोरीला आत येऊ द्या."